घरगुती सर्व्हर आणि मालकीचा प्रश्न

जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीचा ई-मेल व्यवहार अचानक ठप्प झाला. कारखान्यात अपघात घडला नव्हता, की कामगारांनी संप पुकारला नव्हता. कंपनीत मोठा रशियन हिस्सा असल्याने युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने आपल्या सेवा थांबविल्या. सेवेचे पैसे भरलेले होते, कागदपत्रे स्वतःची होती. तरी ती हाती लागेनात. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या.

नायरापाशी नामांकित वकील होते. सामान्य माणसापाशी ते नसतात. आजारी मुलाची डॉक्टरांना दाखविण्यासाठी काढलेली छायाचित्रे आक्षेपार्ह ठरवून सॅन फ्रान्सिस्कोमधील एका बापाचे खाते गूगलने बंद केले, ही हकीकत २०२२ साली अमेरिकी वृत्तपत्रांत सविस्तर प्रसिद्ध झाली. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरविले. खाते मात्र परत मिळाले नाही. अनेक वर्षांचा पत्रव्यवहार आणि मुलाच्या बालपणाची छायाचित्रे त्याच्यासोबत गेली. इतके टोकाचे प्रसंग विरळा, हे मान्य. पण १ जून २०२१ पासून छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण बंद झाली, पुढच्याच वर्षी विद्यापीठांच्या साठवणीवरही मर्यादा आली, आणि आधी उदारपणे दिलेली जागा नंतर भाड्याची होते हा अनुभव शाळा-महाविद्यालयांतील प्रत्येकाला आला. दुसऱ्याच्या घरात ठेवलेल्या पेटीची किल्ली आपल्या खिशात असली, तरी दाराची किल्ली घरमालकाकडेच असते.

यावर एक उपाय गेली दीड दशके उपलब्ध आहे आणि तो आश्चर्यकारक इतका स्वस्त आहे. २००९ साली भिंतीवरच्या विजेच्या खाचेत बसेल एवढ्या आकाराचा, पाचएक वॅट वीज घेणारा आणि ९९ डॉलरना मिळणारा ‘शीवाप्लग’ नावाचा संगणक बाजारात आला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेने ‘रास्पबेरी पाय’ विक्रीस काढला. त्याची किंमत ३५ डॉलर होती. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे हा त्यामागचा हेतू. परंतु पत्त्यांच्या कॅटएवढ्या या पाटीवर लिनक्स चालते, आणि लिनक्स चालते म्हणजे जगातील बहुसंख्य सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतात तीच प्रणाली, एक पैसाही परवाना शुल्क न देता, घरातल्या फळीवर चालते, हे चाणाक्ष लोकांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. कुटुंबाची छायाचित्रे, हिशेब, प्रश्नपत्रिका, प्रबंधाची टिपणे, पुस्तके हे सारे अशा यंत्रावर ठेवता येते आणि घरातल्या प्रत्येक फोनवरून पाहता येते. त्यासाठी लागणारी नेक्स्टक्लाउडसारखी सॉफ्टवेअरेही मुक्त आहेत.

विजेचा हिशेब मांडून पाहावा. पाच वॅटचे यंत्र अहोरात्र वर्षभर चालले तर सुमारे ४४ युनिटे लागतात. युनिटला आठ रुपये धरले तरी खर्च साडेतीनशेच्या आसपास. हेच काम साठ वॅट घेणाऱ्या जुन्या टेबलावरच्या संगणकाकडून करवून घेतले तर ५२५ युनिटे, म्हणजे ४२०० रुपये. लहान यंत्राची खरी करामत या फरकात आहे. सर्व्हर हा मुख्यतः वाट पाहणारा नोकर असतो. दिवसातून पाच-दहा मिनिटे काम आणि बाकी वेळ जागरण. त्या जागरणाचा पगार परवडला पाहिजे. नवीन यंत्राच्या किमती मधल्या काळात चढल्या आहेत; २०२१ नंतर टंचाई झाली, २०२५ मध्ये मेमरी महागली. तथापि लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फिरणाऱ्यास यापेक्षा जुना लॅपटॉप अधिक सोयीचा वाटेल, आणि त्यात गैर काही नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. वीज जाणे हा जेथे नित्याचा प्रकार आहे तेथे हा गुण लहान नव्हे, कारण लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्डावरील मजकूर बिघडू शकतो.

मग हे घरोघरी का झाले नाही? कोलंबिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये न्यूयॉर्क येथील भाषणात नेमके हेच स्वप्न मांडले होते. लोकांनी फुकट सेवेच्या बदल्यात स्वतःवरची पाळत स्वीकारली आहे. ही देवघेव मोडायची तर प्रत्येकाचा सर्व्हर प्रत्येकाच्या घरी गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून ‘फ्रीडमबॉक्स’ हा प्रकल्प उभा राहिला आणि तो आजही चालू आहे. यंत्रे स्वस्त झाली, सॉफ्टवेअर तयार झाले. पण हौशी तंत्रज्ञांच्या वर्तुळापलीकडे ही चळवळ फारशी गेली नाही. लोकांचा आळस हे त्याचे अर्धेच उत्तर आहे.

उरलेले अर्धे उत्तर पत्त्यात आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते होते आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. चाळीला पत्ता आहे, खोल्यांना क्रमांक नाहीत, अशी ही स्थिती. खोलीतून पत्र पाठविले तर त्याचे उत्तर बरोबर येते. पण बाहेरून कोणी आपण होऊन त्या खोलीत येऊ म्हणेल तर पोस्टमन फाटकावरूनच परततो. घरातल्या घरात सर्व्हर उत्तम चालतो. पण कचेरीत बसलेल्या लेखनिकाला घरचा कागद हवा असेल तर तो मिळत नाही. त्यासाठी कायमच्या पत्त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात, नाहीतर एखाद्या परदेशी कंपनीच्या मध्यस्थीने बोगदा खणावा लागतो. ज्या परावलंबनातून सुटण्यासाठी खटाटोप केला तेच मागच्या दाराने पुन्हा आत येते. नव्या, आयपीव्ही६ पद्धतीत पत्त्यांना तोटा नाही आणि तिचा प्रसार करण्यात भारत जगात अग्रभागी आहे. परंतु गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेल्या जोडणीत ती असेलच असे नाही, आणि असली तरी घरातला राउटर बाहेरून येणाऱ्याला बहुधा अडवतो.

हा केवळ तांत्रिक तपशील आहे असे मानणे चुकीचे ठरेल. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी केली, तेव्हा तो ग्राहकांचा मोठा विजय ठरला आणि तो होताही. त्या लढ्यात प्रश्न होता तो घरात काय येऊ द्यावे याचा. घरातून काय देता यावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अमेरिकेत तो २०१३ साली निघाला होता: गूगलच्याच फायबर सेवेच्या अटींत घरी सर्व्हर ठेवण्यास मनाई होती. त्याविरुद्ध तक्रार झाली आणि बिगरव्यापारी वैयक्तिक वापरासाठी ती अट सैल करण्यात आली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. त्यानंतर २०२३ साली माहितीसंरक्षणाचा कायदा झाला. पण २०१९ च्या विधेयकात असलेला, आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे हलविण्याचा हक्क या कायद्यातून गळाला. माहिती पुसून टाका असे नागरिक म्हणू शकतो. बांधून माझ्या हवाली करा असे हक्काने म्हणू शकत नाही.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण या विषयातील उत्साही मंडळी ती सांगत नाहीत. घरचा सर्व्हर हे घरचे जनावर आहे. त्याला रोज पाहावे लागते. सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत केले नाही, पासवर्ड बदलला नाही, तर ते यंत्र कोणा परक्याच्या हातचे हत्यार बनते. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे कोलमडली ती घरोघरच्या अशाच बेवारशी कॅमेऱ्यांच्या आणि राउटरांच्या जोरावर. शिवाय चोरी, आग, पुराचे पाणी आहेच. कागदांची एक प्रत दादरला असेल तर दुसरी नाशिकला भावाकडे, कुलूपबंद स्वरूपात, असलीच पाहिजे. स्वतःचा ई-मेल घरून चालविण्याच्या फंदात तर कोणी पडू नये. अशा पत्त्यांवरून निघालेली पत्रे मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा संशयाने नाकारतात.

ही राखण एकेका कुटुंबाने करावी हा आग्रहच मुळात वेडगळ आहे. विहीर प्रत्येक घरी नसते, पण आळीत एक असू शकते. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, अध्यापक महाविद्यालये आहेत, १९६७ च्या कायद्याने अनुदान मिळणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. केरळने शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर रुजविले ते शिक्षकांना हाताशी धरून. तेथे लिनक्स ही हौस राहिली नाही, शाळेच्या नित्य व्यवहाराचा भाग झाली. एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयाने दोन लहान यंत्रे ठेवून परिसरातील शाळांचे कागद सांभाळले तर यंत्रांचा खर्च वर्तमानपत्रांच्या वार्षिक बिलाहून फार मोठा होणार नाही. खर्च होईल तो ती यंत्रे राखणाऱ्या माणसाच्या पगारावर, आणि अनुदानाच्या नियमांत आज ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई बसतात, त्यांच्या शेजारी या माणसाचे पद कोणी मागायचे, हे ग्रंथालय संघांनी ठरवावयाचे आहे. नियामक प्राधिकरणाकडे मागावयाची गोष्ट त्याहून साधी: जोडणी देताना ग्राहकाला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता मिळणार की नाही, हे वेग आणि दर यांच्याच ओळीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापले जावे.