'डूम' चालतो, प्रबंधिका उघडत नाही

मे महिन्याच्या सुटीत, रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या भरण्याची लगबग चालू असताना, माझ्या घरी एकाच संगणकावर दोन जुन्या वस्तू उघडण्याचा प्रयत्न झाला. पहिली वस्तू माझ्या भाच्याची : 'डूम' नावाचा, १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झालेला, हाती बंदूक घेऊन राक्षसांनी भरलेल्या बोळांतून धावण्याचा खेळ. दुसरी वस्तू माझी : २००४ साली मराठी विषयात सादर केलेल्या एम.फिल.च्या प्रबंधिकेची फाईल. खेळ पाच मिनिटांत चालू झाला. इतकेच नव्हे, तर मूळ पडद्यावर कधी दिसले नसेल इतके स्वच्छ चित्र दिसू लागले. प्रबंधिका उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, टक्क्यांची चिन्हे आणि रिकामे चौकोन यांची रांगोळी होती. "मामा, तुमचा प्रबंध राक्षसांनी लिहिलाय का?" असे भाच्याने विचारले. मला हसू आले नाही.

आमच्या चर्चासत्रांतून आणि प्राध्यापक-कक्षातून एक वाक्य हमखास ऐकू येते : संगणकावरच्या खेळांनी वाचनसंस्कृती बुडवली. मीही ते वर्गात उच्चारलेले आहे. आज मला ते मागे घ्यायचे आहे, आणि मागे घेताना थोडे कठोरही बोलायचे आहे. प्राचीन मराठी वाङ्मय शिकवताना आपण ज्याला पाठचिकित्सा म्हणतो, ते शास्त्र गेली पंचवीस वर्षे जिवंतपणे कोणी आचरले असेल, तर ते या खेळाडूंनी. आपण मात्र त्यावर दहा गुणांचा प्रश्न विचारत राहिलो.

आधी या मंडळींनी नेमके काय केले ते पाहू. 'डूम' टेक्सासमधील 'इड सॉफ्टवेअर' या छोट्या कंपनीने डॉस प्रणालीसाठी तयार केला. आजच्या संगणकांवर डॉस नाही. तरीही खेळ टिकला, याचे पहिले कारण असे की डिसेंबर १९९७मध्ये कंपनीने त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी प्रसिद्ध केली आणि १९९९मध्ये ती मुक्त परवान्याखाली आणली. खेळातील चित्रे, ध्वनी आणि नकाशे यांचे हक्क मात्र कंपनीने स्वतःकडेच ठेवले. ते आजही विकत घ्यावे लागतात. थोडक्यात, ग्रंथाचे हक्क राखले आणि ग्रंथ वाचण्याचे यंत्र लोकांना दिले. लोकांनी त्या यंत्राच्या नव्या आवृत्त्या रचल्या आणि विंडोज, लिनक्स, मॅक अशा सर्व प्रणालींवर त्या नेल्या.

या आवृत्त्यांमध्ये दोन पंथ दिसतात आणि इथेच आपल्या विषयाचा माणूस सावध होतो. 'चॉकलेट डूम' नावाच्या आवृत्तीचे व्रत असे की मूळ डॉसवरील खेळ जसा वागत होता तसाच तो वागला पाहिजे, त्यातील चुकांसकट. मूळ खेळ एखाद्या मर्यादेपाशी कोसळत असेल, तर इथेही ती मर्यादा राखली जाते. दुसरीकडे 'जीझेडडूम'सारखी आवृत्ती खेळाला आजचे रूप देते : मान वर-खाली करून पाहता येते, पडदा रुंद होतो, प्रकाश बदलतो, नवे नकाशे रचणाऱ्याला हवी ती भर घालता येते. मधल्या वाटेवर 'क्रिस्पी डूम' आहे. तो चित्राची स्पष्टता दुप्पट करतो, पण खेळाच्या मूळ वागणुकीला शक्यतो हात लावत नाही. एक मूलानुसारी प्रत, एक अर्वाचीन रूपांतर आणि एक विद्यार्थ्यांसाठीची सुबोध आवृत्ती! आणि प्रत्येक जण आपण कोणत्या जातीची प्रत देत आहोत ते उघडपणे सांगतो.

प्रामाणिक प्रत ओळखायची कशी, याचीही त्यांच्याकडे कसोटी आहे. 'डूम'मध्ये खेळ नोंदवून ठेवता येतो. ही नोंद म्हणजे चित्रफीत नव्हे. सेकंदाला ३५ वेळा खेळाडूने काय केले – पुढे गेला, वळला, गोळी झाडली – एवढेच तीत असते. नोंद पुन्हा लावली की यंत्र तो सारा खेळ नव्याने घडवते. खेळातील यदृच्छाही २५६ आकड्यांच्या एका ठरलेल्या कोष्टकातून येते. त्यामुळे नव्या आवृत्तीत एका राक्षसाचे वागणे केसभर जरी बदलले, तरी कोष्टकातला आकडा चुकतो, पुढचे सगळे घसरत जाते आणि नोंदीतला वीर भिंतीवर डोके आपटत राहतो. नव्वदच्या दशकातील नोंद आजच्या यंत्रावर शेवटपर्यंत बिनचूक चालली, तरच प्रत शुद्ध. एक मात्रा गळली की वृत्त कोसळते, हे ज्याने शिकवले आहे त्याला या कसोटीची किंमत वेगळी सांगायला नको.

आणखी एक उदाहरण. मूळ चित्र ३२० गुणिले २०० बिंदूंचे होते. पण त्या काळच्या चारास-तीन आकाराच्या पडद्यावर ते उभे ताणले जाई. आजच्या चौरस बिंदूंच्या पडद्यावर तेच आकडे 'जसेच्या तसे' ठेवले, तर माणसे आणि राक्षस बसके दिसतात. उंची २०० ऐवजी २४० धरावी लागते. म्हणजे अक्षरशः नक्कल केली तर अर्थ बिघडतो आणि अर्थ राखायचा तर मूळ वाचनस्थिती समजून घ्यावी लागते. ही समज असलेली चर्चा मी आमच्या क्षेत्रातल्या किती प्रस्तावनांत वाचली, हे आठवून पाहतो आहे.

ही परंपरा आपली नव्हती असे नाही. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठांची शुद्धी केली आणि पुढे कोणी पदरची ओवी घुसडू नये असे बजावले. १९०९मध्ये वि. का. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची आपल्याला जुनी वाटलेली प्रत छापली, आणि पाठांचा वाद कितीही झाला तरी प्रश्न ऐरणीवर आणला. महानुभावांची सांकेतिक लिपी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनीच उलगडली. तोवर मराठीचा आद्य गद्यसंभार आपल्याच भाषेत असून आपल्याला वाचता येत नव्हता. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पूर्ण केली. हे पूर्वज ज्यांचे, त्या आपण आपल्या डोळ्यांदेखत एक नवी सांकेतिक लिपी तयार होऊ दिली, आणि तिचा उलगडा करायलाही बसलो नाही.

ती लिपी म्हणजे युनिकोडपूर्व टंकांची. नव्वदच्या दशकात श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा संचांनी मराठी छपाईची मोठी सोय केली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या व्यवस्थेत संगणक 'क' साठवत नव्हता. तो रोमन चिन्हांच्या एखाद्या घरात 'क'चे चित्र बसवत होता, आणि कोणत्या घरात कोणते चित्र, हे प्रत्येक संचात वेगळे होते. टंक हरवला की उरते ती माझ्या प्रबंधिकेतली रांगोळी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून स्वतःची घरे आहेत, विंडोज २०००पासून ती सामान्य संगणकावर वापरता येऊ लागली. तरी आपल्या छापखान्यांत आणि विभागांत जुनेच टंक पुढे कित्येक वर्षे चालत राहिले.

परिणाम असा की साधारण १९९२ ते २०१० या काळातले मराठी लेखन एका विचित्र खड्ड्यात पडले आहे. त्याआधीचे खिळ्यांनी छापलेले ग्रंथ कागदावर का होईना आहेत. त्यानंतरचे शोधता येते. मधल्या काळातल्या दिवाळी अंकांच्या, कोकणातल्या लहान नियतकालिकांच्या, प्रबंधांच्या फायली ज्या पेजमेकरमध्ये जुळवल्या, त्याचा विकास २००४मध्येच थांबला. छापील प्रती म्हणाल, तर आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटातल्या कागदाचे काय होते ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. एकीकडे कसर, दुसरीकडे रांगोळी.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला : खेळाचा आणि वाङ्मयाचा काय संबंध, एक हिंसक करमणूक आणि एक संस्कृतीचे धन. मान्य, 'डूम' हे महाकाव्य आहे असा माझा दावा नाही. पण मग प्रश्न अधिकच बोचरा होतो. करमणुकीच्या वस्तूसाठी लोकांनी एवढी निष्ठा दाखवली आणि संस्कृतीच्या धनासाठी आपण दाखवली नाही, तर धन हा शब्द आपण कोणत्या तोंडाने वापरतो?

दुसरा आक्षेप : त्यांच्यामागे जगभरचा पैसा आहे, मराठी गरीब. वस्तुतः या आवृत्त्या मूठभर लोकांनी फावल्या वेळात, बहुतांशी विनामोबदला केल्या. निर्णायक ठरली ती मूळ आज्ञावलीची उपलब्धता. याचा पडताळा आमच्या पिढीला सहज घेता येईल. २०००च्या सुमारास आमच्या गावच्या सायबर कॅफेत मुले 'प्रोजेक्ट आय.जी.आय.' खेळत, नॉर्वेच्या 'इनरलूप'ने केलेला हा खेळ मोहिमेच्या मध्ये कुठेही जतन करता येत नसे, म्हणून मेलो की पुन्हा पहिल्यापासून. त्याची आज्ञावली खुली झाली नाही. आजच्या संगणकावर तो सुरळीत दिसायला मध्ये एक दुभाषी बसवावा लागतो, जो जुन्या चित्रआज्ञा नव्या यंत्राला समजावतो. खेळ चालतो, पण कुबड्यांवर. लोकप्रियता दोन्ही खेळांना होती. फरक किल्ली दिली की नाही याचा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जुन्या कृतीला नवे रूप देणे हा विपर्यास आहे. असू शकतो. पण रूपांतर करणारा खेळाडू ते सांगून करतो. आपण न सांगता करतो. १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनंतर जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणात अनुच्चारित अनुस्वार गुपचूप पुसले गेले. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिण्याच्या नियमाने 'कवि'चा 'कवी' झाला. वृत्तबद्ध कवितेतही तो तसाच छापला, की लघूच्या जागी गुरू येऊन बसतो. किती पुनर्मुद्रणांच्या आरंभी 'आम्ही हे बदलले' अशी एक ओळ असते?

सुटीच्या शेवटी भाच्याने माझी फाईल सोडवली, आणि ती त्याच्या खेळांच्या हत्यारांनी. त्याने संगणकाच्या आत एक जुना आभासी संगणक उभा केला, त्यात जुने विंडोज घातले, एका ओळखीच्या मुद्रकाकडच्या सीडीवरून टंक आणला, आणि प्रबंधिका दिसू लागली. मग युनिकोडमध्ये रूपांतर. त्यातही खाचखळगे होते. जुना टंक ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवतो, युनिकोड नंतर. रफार जुन्या टंकात अक्षराच्या मागून येतो, युनिकोडमध्ये आधी. पहिल्या फेरीत 'दऱ्या' सर्वत्र 'दर्या' झाल्या आणि सह्याद्रीतल्या माझ्या दऱ्यांत समुद्र शिरला. आम्ही दोघांनी बांधीव प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. बारा संध्याकाळी गेल्या. पाठचिकित्सेचा माझ्या आयुष्यातला पहिला प्रत्यक्ष धडा मी असा, एका 'डूम' खेळणाऱ्या मुलाकडून घेतला.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक मराठी विभागाने जुन्या प्रणालीचा आणि टंकांचा एक आभासी संगणक जपून ठेवावा. जुन्या फायलींचे रूपांतर करताना मूळ फाईल कधीही पुसू नये. दोन्ही ठेवाव्यात आणि काय बदलले याची नोंद जोडावी. टंक बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या कालबाह्य टंकांचे तक्ते, कोणत्या घरात कोणते अक्षर एवढेच, जाहीर करावेत. 'डूम'च्या कर्त्यांनी यंत्र देऊनही आपला ग्रंथ विकणे थांबवले नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. विद्यापीठांनी प्रबंधाची छापील प्रत आणि पीडीएफ यांसोबत साधी युनिकोड संहिता सक्तीची करावी. आणि आपण, शिक्षकांनी, पाठचिकित्सेच्या तासाला विद्यार्थ्यांच्या हाती एखाद्या जुन्या दिवाळी अंकाची न उघडणारी फाईल द्यावी. राजवाड्यांवरची टिपणे त्यानंतर सांगावीत.

ज्यांना हा सारा पोरखेळ वाटत असेल, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. त्यांनी आज संध्याकाळी घरी जाऊन आपल्या पीएच.डी.ची सीडी शोधावी, ती बसेल असा संगणक मिळवावा आणि पहिले प्रकरण उघडून पाहावे. वाचता आले, तर माझे म्हणणे मी आनंदाने मागे घेईन.