न जुळणारं रीडिंग

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये डाय पेनिट्रंट टेस्ट होती. सोपं काम. जॉबवर लाल डाय लावायचा, थोडा वेळ थांबायचं, पुसायचा, वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा आणि बघत बसायचं. चीर असेल तर तिथून लाल रेघ वर येते. आमच्या जॉबवर आली. बारीक, केसासारखी. जर्नलमध्ये मात्र (जे आदल्या रात्रीच सीनियरच्या जर्नलवरून छापून झालं होतं!) लिहिलं होतं, 'दोष आढळला नाही'. पार्टनर म्हणाला, "स्क्रॅच असेल रे, परत पूस." परत पुसलं, जरा जोरातच पुसलं. रेघ गेली. सही मिळाली. चार वाजता आम्ही कॅन्टीनमध्ये.

हे मी विसरूनही गेलो असतो. पण सेमिनारसाठी फटीगवर विषय शोधताना अमेरिकेच्या एनटीएसबीचा, म्हणजे तिथे अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेचा, एक रिपोर्ट वाचनात आला आणि ती लाल रेघ पुन्हा डोळ्यासमोर आली.

21 ऑगस्ट 1995. अटलांटाहून गल्फपोर्टला निघालेलं अटलांटिक साउथईस्ट एअरलाइन्सचं ब्राझिलिया जातीचं छोटं विमान. दोन इंजिनं, दोन प्रोपेलर, आत 29 माणसं. साधारण 18 हजार फुटांवर डाव्या प्रोपेलरचं एक पातं तुटून गेलं. एक पातं गेलं तर काय बिघडतं, एक इंजिन बंद करून दुसऱ्यावर येता येतं की, असं मलाही वाटलं होतं. पण गरगर फिरणाऱ्या चाकाचा एक तुकडा उडाला की उरलेल्याचा तोल जातो आणि तो अनबॅलन्स्ड फोर्स आख्खं इंजिन जागेवरून हलवतो. डायनॅमिक्स ऑफ मशिनरीत आपण एवढ्याएवढ्या रोटरचं गणित करतो ना, तेच. इंजिनचं कव्हर वेडंवाकडं झालं, ड्रॅग वाढला, पंखाची लिफ्ट घटली. पातं तुटल्यापासून 9 मिनिटं 20 सेकंदांत विमान कॅरोलटन गावाजवळच्या शेतात आदळलं. आदळल्यावर बहुतेक सगळे जिवंत होते. मग आग लागली. कॅप्टन आणि बरेच प्रवासी दगावले.

आता खरी गोष्ट. हे पातं आधी एकदा पकडलं गेलं होतं!

ही पाती ॲल्युमिनियमची, मुळाशी आतून पोकळ. त्या पोकळीत तोल साधायला शिशाची लोकर भरायची आणि वर बूच मारायचं. बुचाच्या ब्लीचिंगमधला क्लोरीन आणि हवेतली ओल, दोघांनी मिळून आतल्या भिंतीला बारीक खड्डे पाडले. खड्डा म्हणजे स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन, हे आपल्याला पाठ आहे. शिवाय स्टीलला असते तशी एन्ड्युरन्स लिमिट ॲल्युमिनियमला नाही. 1994 च्या मार्चमध्ये कॅनडा आणि ब्राझीलमध्ये अशीच दोन पाती तुटली, नशिबाने दोन्ही विमानं नीट उतरली. मग सगळ्या पात्यांची अल्ट्रासॉनिक तपासणी निघाली. त्यात आपलं हे पातं नापास झालं आणि हॅमिल्टन स्टँडर्ड या उत्पादक कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये गेलं.

तिथल्या टेक्निशियनने पोकळीत बोअरस्कोप घालून पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. आता मशीन म्हणतंय दोष आहे, डोळा म्हणतोय नाही. कोणाचं ऐकायचं? कंपनीकडे याचं उत्तर तयार होतं. काही पात्यांना आतून शॉट पीनिंग केलेलं असायचं आणि त्या खळग्यांमुळे मशीन उगाचच ओरडायचं. अशा पात्यांना आतून घासून गुळगुळीत करायची पद्धत ठरली होती. पुढे तीच पद्धत शॉट पीनिंग न केलेल्या पात्यांनाही लावली गेली, आणि हे पातं त्यातलंच. म्हणजे 'खोटा सिग्नल' यायचं कारणच इथे नव्हतं. तरी घासलं. खड्डे तिथेच राहिले आणि घासल्याच्या खुणांमुळे पुढच्या अल्ट्रासॉनिकला ते नीट दिसेनात. पातं पास झालं. सुमारे सव्वा वर्षाने तुटलं.

परत पूस रे...

मला त्या टेक्निशियनला शिव्या द्यायच्या नाहीत. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. एनटीएसबीनेही बोट त्याच्याकडे दाखवलेलं नाही. कंपनीची तपासणीची आणि दुरुस्तीची पद्धत, प्रशिक्षण, कागदपत्रं, आपसातला संवाद, सगळंच तोकडं होतं असं रिपोर्ट म्हणतो. पण 'सिस्टिमची चूक' म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. आपल्याला नको असलेलं रीडिंग आलं की ते खोटंच असणार असं आधी धरायचं आणि मग त्याला कारण शोधायचं, ही त्या सिस्टिमची सवय होती. आणि ती सवय कोणत्याही कंपनीत लागायच्या आधी आपल्याला लॅबमध्ये लागते, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, 1995 नंतर जग शहाणं झालं म्हणावं, तर 10 जुलै 2017 ला मिसिसिपीत अमेरिकन मरीन्सचं केसी-130 कोसळलं. 16 जण गेले, एकही वाचला नाही. पुन्हा प्रोपेलरचं पातं, पुन्हा गंजाचा खड्डा. 2011 मध्ये ते हवाई दलाच्या डेपोत ओव्हरहॉलला आलं होतं. गंज काढायचा राहिला आणि पातं परत विमानावर चढलं.

रूममेटला हे सगळं ऐकवलं तर तो म्हणाला, "जर्नल आणि विमान? जरा जास्तच ताणतोयस." असेल. जर्नल छापल्याने कोणी मरत नाही, आणि सबमिशनच्या आठवड्यात रात्री तीन वाजता मीही तेच करतो. पण एक सांगा, चार वर्षांत आपल्यापैकी कोणी ग्राफवर न बसणारा पॉइंट जसाच्या तसा जर्नलमध्ये ठेवलाय? सरळ रेघ आधी मारायची आणि मग तिच्या आजूबाजूला टिंबं पेरायची, हीच आपली पद्धत! चुकीचं रीडिंग दाखवलं तर 'रिपीट' मिळतो, जुळवलेलं दाखवलं तर दहापैकी नऊ. मग पोरं जुळवणारच की.

म्हणून ही विनंती पोरांपेक्षा जास्त सर-मॅडमना आहे. पुढच्या टर्मला निदान एका प्रॅक्टिकलला तरी, ज्याचा पॉइंट ग्राफच्या बाहेर आहे आणि ज्याने तो खोडला नाही, त्यालाही सही द्या. तो पॉइंट तिथे का आला एवढंच ओरलला विचारा. 'माहीत नाही, पण तीनदा घेतलं, तीनदा तेच आलं' हे उत्तर चालू द्या.

आणि आमचा तो जॉब लॅबच्या कपाटात खालच्या फळीवर आहे, अजून. या महिन्यात ज्युनियर बॅचला तोच मिळेल. लाल रेघ आली तर पुसू नका. आम्हाला बोलवा, आम्ही जर्नल दुरुस्त करून देऊ.

- अंतिम वर्ष, मेकॅनिकल