उसना साथीदार

गेल्या भाद्रपदांत सावेडीच्या एका गणेशोत्सवांत आम्ही ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ऐकावयास गेलों होतों. सावेडी हें एकेकाळीं नगरच्या वेशीबाहेरचें, मनमाडच्या रस्त्यावरचें गांव. आज तें अहमदनगरचें, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरचें, नोकरदार व सुशिक्षित कुटुंबांनीं गजबजलेलें उपनगर आहे. कार्यक्रमांत एका तरुणानें गिटारवर एक भावगीत वाजविलें. गिटार एक, वाजविणारा एक; पण ऐकूं येत होत्या तीन गिटारी! त्याच्या पाठीमागें एका लोखंडी चौकटींत, जीस ही मंडळी रॅक म्हणतात, एकोणीस इंच रुंदीची एक काळी चपटी पेटी बसविलेली होती. तिचें नांव हार्मनायझर. गिटारचा सूर तारेनें त्या पेटींत शिरतो, आणि बाहेर पडतांना आपल्या सोबतीस ठराविक अंतरावरचे आणखी एक-दोन सूर घेऊन येतो. मंडप खूष झाला. प्रथम आम्हीही खूष झालों, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु पूर्वीं याच मंडळींत दुसरी गिटार वाजविणारे एक शाळामास्तर असत. ते मुख्य वाजविणाऱ्याच्या डाव्या हातास बसून त्याच्या बोटांकडे पाहत आणि हलक्या हातानें दुसरा सूर धरीत. यंदा त्यांची खुर्ची दिसली नाहीं. कार्यक्रम संपल्यावर आम्हीं त्या तरुणास विचारलें, "मास्तर आले नाहींत वाटतें?" तो सरळ मनानें म्हणाला, "आतां त्यांची गरज पडत नाहीं, काका. दोन माणसें या पेटींतच आहेत."

मुलगा गुणी आहे, उद्धट मुळींच नाहीं. आणि तो जें बोलला तें आज पुष्कळांच्या मनांत आहे. म्हणूनच त्याच्या त्या वाक्याचा प्रतिवाद करणें आम्हांस अवश्य वाटतें.

या यंत्राविषयीं आमच्याकडे दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, एकाच वेळीं दोन सूर लावणें ही पाश्चात्यांची रीत. ती आमच्या संगीतास परकी, सबब यंत्रही त्याज्य. दुसरा पक्ष म्हणतो कीं, शास्त्राची ही देणगी आहे. जें काम तीन माणसें करीत तें एक करूं लागला यांत वाईट काय? आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात, आणि दोघांची चूक एकच आहे. दोघेही पेटीकडे पाहतात. कानाकडे कोणीच पाहत नाहीं.

आधीं पहिल्या पक्षाचा समाचार घेऊं. परकेपणाचा हाच आरोप एकदां हार्मोनियमवर झाला होता. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं आपल्या केंद्रांवरून हार्मोनियमला बंदी केली, आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. आक्षेप खोटा नव्हता: पेटीचे सूर ठोकून बसविलेले, त्यांत मींड नाहीं, श्रुति नाहींत. पण बंदीनें महाराष्ट्रांतली पेटी मुकी झाली काय? गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतानें जिला बोलकें केलें, ती कीर्तनांत, नाट्यगृहांत आणि घराघरांत वाजतच राहिली. त्याच्याही आधीं, १९१० च्या सुमारास, सांगलीचे देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांनीं पेटीचे सूर आमच्या श्रुतींशीं जुळविण्याची खटपट केली होती. म्हणजे वाद्याची उणीव ओळखून ती भरून काढण्याचा मार्गही होता. केवळ हद्दपारीचाच नव्हता.

शिवाय नगरच्या माणसानें तरी दुसरा सूर परका म्हणूं नये. अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें १८३१ सालापासून या शहरांत आहे. मिशनऱ्यांबरोबर त्यांच्या प्रार्थनागीतांचे चार-चार आवाज येथें आले. पुढें याच नगरांत राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती भक्तीस अभंग-ओवीचा मराठी पेहराव दिला, पण म्हणून त्या चार आवाजांस कोणी गांवाबाहेर घालविलें नाहीं. आणि ख्रिस्ती मंडळीच कशाला? शाहिराच्या मागें झील धरणारा काय करतो? शाहिराचा शब्द संपतो तेथें तो आपला उंच सूर लावतो आणि शाहिरास श्वास घेण्यापुरती जागा करून देतो. माणसाच्या सुरामागें माणसाचा सूर उभा राहणें ही आमचीही जुनी रीत आहे. तेव्हां परकेपणाची सबब येथें टिकत नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. त्यांस उत्तर द्यावयाचें तर पेटीच्या पोटांत काय चालतें तें समजून घेतलें पाहिजे. यंत्र गिटारच्या सुराची सेकंदांत हजारों वेळां मोजणी करून ते आंकडे आपल्या स्मरणांत सांठवितें, आणि तेच आंकडे अधिक वेगानें किंवा सावकाश वाचून दाखवितें. वेगानें वाचले कीं सूर चढतो, सावकाश वाचले कीं उतरतो. पण वेगानें वाचणारा लौकरच सांठ्याच्या टोकास येतो, म्हणून त्यास मागें उडी मारून तोच तुकडा पुन्हां जोडावा लागतो. हा सांधा चांगला बसला तर कळत नाहीं. बिघडला तर सूर थरथरतो, अडखळतो.

याच्याही पुढची पायरी म्हणजे ज्यास हुशार हार्मनायझर म्हणतात तो. त्यास आधीं षड्ज व सप्तक सांगून ठेवावें लागतें. मग येणारा सूर कोणता तें ओळखून तो त्या सप्तकांतला योग्य जोडीदार शोधतो. सूर ओळखावयाचा तर त्याचें निदान एक कंपन पुरें व्हावें लागतें. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ कंपनें करते. म्हणजे सेकंदाचा ऐंशीवा भाग तर नुसता ओळख पटण्यांतच जातो, आणि खात्री करून घ्यावयाची तर त्याच्या दुप्पट. एकदम दोन तारा छेडल्या तर यंत्र बहुधा गोंधळतें. ऑर्केस्ट्रांतली जुनी पेटी जर यंत्राच्या मापाशीं, म्हणजे सेकंदास ४४० कंपनांच्या ठरीव सुराशीं, मिळालेली नसेल, आणि गिटार त्या पेटीशीं मिळविली असेल, तर यंत्र एक स्वर सोडून शेजारच्यास हांक मारतें. या तक्रारी आमच्या पदरच्या नव्हत. त्या तरुणानेंच त्या हसत हसत सांगितल्या.

पण या झाल्या कारागिरीच्या उणिवा; त्या पुढेंमागें दूर होतील. आमचा आक्षेप याहून खोल आहे. यंत्रास सप्तक सांगतां येतें, राग सांगतां येत नाहीं. भूप घ्या. शुद्ध स्वरांचें सप्तक लावून भूप वाजविला आणि वरचा तिसरा स्वर मागितला, तर ऋषभावर यंत्र मध्यम देईल, आणि पंचमावर निषाद; म्हणजे भूपांत जे दोन स्वर वर्ज्य तेच! कोणी म्हणेल, कांहीं यंत्रांत आपल्या पसंतीचे स्वर भरण्याचीही सोय असते. असते खरी. पांच स्वर भरा. तेच पांच स्वर देशकाराचे आहेत. भूप गांधारावर विसांवतो, देशकार धैवतावर. एकाची चाल गंभीर, दुसऱ्याची खेळकर. कोणत्या स्वरावर थांबावें आणि कोणत्यास नुसतें शिवून जावें हें त्या पेटींत कोणत्या खुंटीनें भरावयाचें?

मींडेचीही तीच गत. शुद्ध सप्तकांत गांधाराचा वरचा जोडीदार पंचम, मध्यमाचा धैवत. गांधार ते मध्यम हें अर्ध्या स्वराचें अंतर. पंचम ते धैवत हें पूर्ण स्वराचें. म्हणजे वाजविणाऱ्यानें तार खेचून गांधारावरून मध्यमावर मींड घेतली, तर साथीच्या सुरानें तेवढ्याच वेळांत दुप्पट वाट चालली पाहिजे. जाणता साथीदार पुढची वाट ओळखून ती चालतो. यंत्र मात्र मूळ सूर गांधाराच्या हद्दींत असेपर्यंत त्याच्याबरोबर फरफटत येतें, आणि हद्द ओलांडतांच उडी मारतें. त्या रात्रीं भावगीताच्या अंतऱ्यांत हेंच झालें. जेथें काळीज हलावें अशी जागा होती, तेथें दुसरा सूर पायरी चुकल्यासारखा धाडकन् वर गेला. मंडपानें टाळ्या दिल्या. वाजविणाऱ्याच्या कपाळावर आंठी उमटली ती आम्हीं पाहिली. त्याचा कान अजून शाबूत आहे, म्हणूनच हा लेख लिहिण्यांत अर्थ आहे.

गांधाराविषयीं आणखी एक. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यांतून आपोआप एक गांधार ऐकूं येतो, त्यास जाणते स्वयंभू गंधार म्हणतात. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर यंत्राचा समविभागी गांधार त्याहून सुमारें चौदा भाग चढा असतो. ज्या मुलानें तंबोरा कधीं ऐकला नाहीं आणि रोज दोन तास ही पेटी ऐकली, त्यास उद्यां तंबोराच बेसूर वाटूं लागला तर दोष कोणाचा?

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, पाश्चात्य देशांत मोठमोठ्यांनीं हें यंत्र वापरलें आहे. वापरलें आहे, पण कसें, तेंही पाहावें. इव्हेंटाइड कंपनीचा पहिला हार्मनायझर १९७५ च्या सुमारास बाजारांत आला. डेव्हिड बोवीच्या १९७७ सालच्या ध्वनिमुद्रिकेंत निर्माता टोनी व्हिस्कॉंटी यानें तो कोठें लाविला? दुसऱ्या गायकाच्या जागीं नव्हे, तर ताशावर! थाप पडतांच तिचा सूर खालीं कोसळत जावा, असा अपूर्व नाद त्यानें त्यांतून काढिला. स्टीव्ह व्हाय या गिटारवादकानें १९९० सालीं याच घराण्याच्या पुढच्या यंत्रासाठीं, त्याचा स्वभाव ओळखून, स्वतंत्र तुकडाच बांधला. या लोकांनीं यंत्राकडून यंत्राचें काम घेतलें; माणसाची रजा मंजूर करण्यास त्यास नेमलें नाहीं. उत्तम कारागिरांचा अनुभव आमच्या दुसऱ्या पक्षाच्या बाजूचा नसून आमच्या बाजूचा आहे.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. मंडळाची वर्गणी थोडी, साथीदारांचें मानधन परवडत नाहीं, असें व्यवस्थापक म्हणतात. अडचण खरी आहे. पण ज्या मांडवांत रोषणाईस आणि भिंती हादरविणाऱ्या भोंग्यांस पैसा पुरतो, तेथें एका मास्तरांच्या बिदागीशींच काटकसर कां सुरू व्हावी? आणि ज्या घरांत मुलास हप्त्यांनीं यंत्र घेऊन दिलें जातें, तेथें गुरूची महिन्याची फी जड कां वाटावी? यंत्र विकत घेतां येतें, दिवाणखान्यांत दाखवितां येतें. शिकलेला कान दाखवितां येत नाहीं. आम्हां मध्यमवर्गीयांची खरी गोम येथें आहे, आणि हा टोला आम्ही स्वतःस वगळून मारीत नाहीं.

साथीदार म्हणजे केवळ जास्तीचा सूर नव्हे. मास्तर चुकीच्या जागीं गप्प बसत. यंत्रास गप्प बसणें ठाऊक नाहीं, त्याचें बटण दुसऱ्यानें दाबावें लागतें. मुख्य वाजविणारा भरकटला तर मास्तर डोळ्यांनीं खूण करीत. तो रंगांत आला तर आपला हात आंखडता घेत. एक माणूस दुसऱ्याचें ऐकतो, त्याच्यासाठीं थांबतो, त्याच्या चुकीवर पांघरूण घालतो, हें जें संगीतांत घडतें तें बाहेरच्या जगांत दिवसेंदिवस दुर्मिळ होत चाललें आहे. तें संगीतांतूनही काढून टाकण्याची एवढी घाई कां?

आम्ही यंत्रावर बंदी मागत नाहीं; १९४० चा धडा आम्हांस पुरेसा आहे. आम्ही तरुणांपुढें एकच कसोटी ठेवतों: जो दुसरा सूर तुला स्वतःस गळ्यानें लावून दाखवितां येतो, तोच पेटीकडून माग. ज्यास तो गातां येतो, त्यास यंत्र कोठें चुकलें तें तत्काळ कळेल, आणि मींडेच्या जागीं त्याचा पाय आपोआप बटणावर जाऊन दुसरा सूर बंद करील. ज्यास तो गातां येत नाहीं, तो यंत्राचा धनी नसून त्याचा वाहक आहे.

त्या तरुणास आम्हीं हेंच सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग पेटीची तार गुंडाळतां गुंडाळतां म्हणाला, "काका, तो अंतरा मास्तरांनीं धरला असता तर निसटला नसता." मास्तरांचें घर तेथून दोन गल्ल्या पलीकडे आहे. पुढच्या भाद्रपदास अजून अवकाश आहे. बोलावणें वेळेवर जावें, एवढीच त्या मंडळाच्या चालकांस आमची विनंति आहे.