पहारा नसलेली सीमा

शनिवार-रविवारी भरणाऱ्या बुद्धिबळ स्पर्धा आता आपल्या घरांना नवीन राहिलेल्या नाहीत. आई-वडील मुलाला किंवा मुलीला घेऊन पुण्याला, कोल्हापूरला, बेळगावला जातात. दोन दिवसांत पाच-सहा डाव होतात आणि सोमवारी मूल शाळेत हजर असते. बेळगावला जाताना राज्याची हद्द ओलांडली जाते, पण तिथे कुणी पासपोर्ट मागत नाही. आज आम्ही अशाच स्पर्धांविषयी, पण दोन देशांमधल्या एका सीमेविषयी लिहीत आहोत. ही सीमा आयर्लंड बेटावर आहे. नोकरीनिमित्त भारतातून तिकडे गेलेल्या आणि जाऊ पाहणाऱ्या कुटुंबांना ही माहिती उपयोगाची आहे. ज्यांना कुठे जायचे नाही त्यांनाही तिच्यात घेण्यासारखे काही आहे, असे आम्हाला वाटते.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेचा भाग ब्रिटनकडे राहिला, त्याचे मुख्य शहर बेलफास्ट. उरलेले बेट पुढे स्वतंत्र प्रजासत्ताक झाले, त्याची राजधानी डब्लिन. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे तीस वर्षे उत्तरेत रक्तपात चालला. साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. सीमेवर लष्कराच्या चौक्या होत्या. १९९८ च्या शांतता करारानंतर त्या उठल्या. आज बेलफास्टहून डब्लिनला मोटारीने दोन तास लागतात. सुमारे ५०० किलोमीटर लांबीची ही सीमा ओलांडली हे कळते ते पाट्यांवरून. वेगमर्यादा मैलांऐवजी किलोमीटरमध्ये दिसू लागते आणि पेट्रोलचा भाव पौंडाऐवजी युरोमध्ये.

देश दोन झाले तरी खेळ मात्र एकत्र राहिला. क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हे ठाऊक असेल. बेलफास्टचा पॉल स्टर्लिंग आणि डब्लिनचा अँड्र्यू बालबर्नी एकाच आयर्लंड संघातून खेळतात. बुद्धिबळाचेही तसेच आहे. आयरिश चेस युनियन ही संघटना फाळणीच्या आधीची आहे आणि आजही ती साऱ्या बेटाची आहे. म्हणून दर वर्षी नोव्हेंबरात किल्केनीला आणि फेब्रुवारीत बनरॅटीला शुक्रवार संध्याकाळ ते रविवार अशी स्पर्धा भरते, तेव्हा उत्तरेचे खेळाडूही मोटारी काढून दक्षिणेत येतात.

या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. हरणारा बाहेर पडत नाही. पुढच्या फेरीत त्याची गाठ साधारण तेवढेच गुण असलेल्याशी पडते. सभागृहात पट पुष्कळ आणि पंच मोजके. हात लावलेला मोहरा हलवलाच पाहिजे, हा नियम बहुतेक पटांवर त्या दोघांनाच पाळायचा असतो. चाली त्यांनीच लिहायच्या, निकालही त्यांनीच कळवायचा. पंच बोलावल्यावर येतो. एरवी सगळा कारभार खेळाडूच्या प्रामाणिकपणावर चालतो.

आता आपल्या माणसांच्या अडचणीकडे येऊ. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना ही सीमा मोकळी आहे. भारतीय पासपोर्टवर बेलफास्टमध्ये राहणाऱ्याला मात्र ती मोकळी नाही. ब्रिटनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना असला तरी दक्षिणेत जायला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. मुलांनाही लागतो. २०१५ पासून भारतीयांसाठी दोन्ही देशांची एक संयुक्त योजना आहे, पण ती थोड्या दिवसांच्या भेटीच्या व्हिसापुरती आणि तशी नोंद असेल तरच. म्हणजे गावाहून नातवंडांना भेटायला आलेली दादी अशा व्हिसावर डब्लिन पाहून येऊ शकते, पण तिथेच नोकरी करणारा तिचा मुलगा आणि शाळेत जाणारा नातू जाऊ शकत नाहीत.

समजा, हा नातू शाळेच्या संघात खेळतो. संघातली बाकीची मुले शनिवारी सकाळी निघणार आहेत. गाडीत जागा आहे, रस्त्यावर चौकी नाही. मित्र म्हणतात, “चल ना, कोण बघतंय?” अशा वेळी घरातल्या मोठ्यांनी काय सांगावे?

नुकसानीचा हिशेब तर आहेच. बसमध्ये आणि रेल्वेत आयरिश पोलीस अधूनमधून कागद तपासतात. कागद नसले तर परत पाठवले जाण्याची वेळ येते, आणि अशी नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाच्या आड येऊ शकते. चेहरा आणि रंग पाहून तपासणी होते, अशी मानवाधिकार कार्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे. ती तक्रार करण्याचा आणि नियम बदला असे म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. एका मुलाचा खेळ केवळ पासपोर्टच्या रंगावर अडावा, हे आम्हालाही बोचते.

पण पकडले जाण्याची भीती नसती तर उत्तर बदलले असते का? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. व्हिसा हा एक करार आहे. ज्या अटी मान्य करून आपण एखाद्या देशात राहतो, त्या पाळण्याचा शब्द आपण दिलेला असतो. दिलेला शब्द पूर्ण करण्याचा हुकूम कुरआनात आहे. करार मुसलमानाशी असो वा इतरांशी, त्याने फरक पडत नाही. हे मुलाला समजावणे अवघडही नाही. रमजानमध्ये रोजा ठेवलेले मूल बंद खोलीत एकटे असते, पाण्याचा ग्लास समोर असतो, तरी ते पीत नाही. त्याला पहारेकरी लागत नाही. तकवा म्हणजे काय हे ते आपल्याआधी शिकलेले असते. तीच गोष्ट त्याला सीमेवर आठवून द्यायची आहे. आई-वडिलांनीच “जा, काही होत नाही” असे म्हटले, तर रोजाने शिकवलेले आपल्याच हाताने पुसले जाते.

केवळ ‘नको’ म्हणून थांबू नये. स्पर्धांच्या तारखा बऱ्याच आधी जाहीर होतात. तेव्हाच आयोजकांकडून पत्र मागवावे आणि व्हिसासाठी अर्ज करावा. व्हिसा येईपर्यंत उत्तरेतल्याच स्पर्धा खेळाव्यात. शुक्रवारची फेरी गाठता येत नसेल तर आधी कळवून अर्ध्या गुणाची सुट्टी घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. शाळेच्या प्रशिक्षकालाही मोकळेपणाने अडचण सांगावी. अनेकांना हा नियम माहीतच नसतो, कारण त्यांना तो कधी आडवा आलेला नाही.

व्हिसा मिळाला आणि निघालात, तर आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोव्हेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे असर आणि मगरिब दुपारच्या डावातच येतात. पंचाला आधी सांगितले तर उठून नमाज पढता येते, फक्त घड्याळ चालू राहते. बेलफास्ट ते डब्लिन अंतरच सुमारे १६५ किलोमीटर आहे, त्यामुळे प्रवासात कसरची सवलत आहे. दुसरे म्हणजे, फोन पूर्ण बंद करून ठेवावा. डाव चालू असताना अजानचे अॅप वाजले तरी डाव जाऊ शकतो.

बुद्धिबळाबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, हे वाचक जाणतात. पैज नसावी आणि नमाज चुकू नये, यावर मात्र सगळे जोर देतात. प्रवेश फीमधून बक्षिसे दिली जात असतील तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

या महिन्यात घरी पट मांडाल तेव्हा मुलांसमोर हा प्रश्न ठेवा. गाडीत जागा आहे, चौकी नाही, मित्र बोलावताहेत. तू काय करशील? उत्तर देण्याची घाई आपण करू नये, त्यांना बोलू द्यावे. अल्लाह आपल्या मुलांना खेळातही यश देवो आणि कुणी पाहत नसताना सरळ चालण्याची ताकदही देवो. आमीन.