मधुमेह आणि उसळीची वाटी

"डॉक्टर, कडधान्ये बंद करू का?" मधुमेह निघाला की हा प्रश्न ठरलेला. कुणीतरी सांगितलेले असते की डाळीनेही साखर वाढते. अगदीच खोटे नाही. १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात सुमारे ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. पण जोडीला वीसेक ग्रॅम प्रथिने आणि भरपूर चोथा असतो. त्यामुळे ते सावकाश पचतात व रक्तातील साखर भातासारखी झपाट्याने चढत नाही. मटकी, हुलगे, मसूर, चवळी यांचेही तेच. तेव्हा उसळ सोडू नका.

माझे भांडण आहे ते उसळीच्या सोबत्यांशी. एक गृहस्थ 'रोज मोड आलेली मटकी खातो' असे अभिमानाने सांगत. चौकशी केली तर ती मिसळ निघाली, वर मूठभर फरसाण आणि सोबत तीन पाव! घरीही भाताचा ढीग आणि त्यावर पळीभर पातळ वरण, हे प्रमाणच उलटे. भात निम्मा करा, वरण घट्ट करा, आमटीतला गूळ वगळा. 'पुरणपोळीत डाळच असते' हा युक्तिवाद मात्र माझ्याकडे चालत नाही.

भात-भाकरी एकदम कमी करणार असाल तर आधी आपल्या डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन किंवा काही गोळ्या पूर्वीच्याच प्रमाणात चालू राहिल्या तर साखर फार खाली जाऊन घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपू शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर डाळीचे प्रमाणही विचारूनच ठरवावे.