ऊटा आतेनपा?

परवा रात्री जेवून वर जात होतो आणि जिन्यातच थबकलो. मुलाच्या खोलीतून आवाज आला, "ऊटा आतेनपा?" माझ्या आईचा आवाज! आईला जाऊन दीड वर्ष झालं. ती मूळची धारवाडकडची. लग्नानंतर सगळं आयुष्य बेळगावात गेलं, मराठी अस्खलित बोलायची. पण जेवणाची चौकशी मात्र कायम कन्नडमध्येच.

आत गेलो तर चिरंजीव संगणकासमोर बसलेले. अज्जीचं दोन-तीन मिनिटांचं बोलणं त्याच्या मोबाइलवर होतं. त्यातले एवढेच शब्द उचलून त्याने एका ठेक्यात बसवले होते. खाली संथ, जाड बास, वर अज्जीचा प्रश्न आणि मग नुसता 'पा… पा… पा…' असा विरत जाणारा प्रतिध्वनी.

"अज्जीचं बोलणं कापलंस?" मी जरा चिडूनच विचारलं.

"कापलं नाही बाबा, डब केलं."

आपल्या पिढीला डबिंग म्हणजे एका भाषेतल्या सिनेमाला दुसऱ्या भाषेचा आवाज देणं एवढंच ठाऊक. हा डब निराळा. इथे आवाज घालायचा नसतो, काढायचा असतो. त्या रात्री मुलाने बरंच सांगितलं, पुढे मीही वाचलं, ऐकलं. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

गोष्ट जमैकातल्या किंग्स्टन शहराची. तिथे रस्त्यावर मोठाले स्पीकर रचून नाच चालत. त्याला साउंड सिस्टिम म्हणत. गाणं बाजारात येण्याआधी त्याची नमुन्याची तबकडी तिथे वाजवून बघत. ती डबप्लेट, आणि त्यावरून डब. 1968 च्या सुमारास अशी एक तबकडी गायकाच्या आवाजाविनाच वाजली आणि गर्दीने स्वतःच गाणं म्हणायला सुरुवात केली, असं सांगतात.

ही युक्ती कलेपर्यंत नेली ती किंग टबी या माणसाने. खरं नाव ऑस्बर्न रडॉक. गायक नाही, वादक नाही. रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. वॉटरहाउस या गरीब वस्तीतल्या घरात त्याचा छोटा स्टुडिओ होता. चार ट्रॅकची टेप चालू ठेवून तो हाताने एकेक आवाज बंद करी. गायक एक शब्द म्हणून गायब. गिटार गायब. उरले ड्रम आणि बास. मग अचानक तो शब्द प्रतिध्वनी होऊन परत येई. हा प्रतिध्वनीही टेपचाच: यंत्राच्या एका हेडने आवाज टिपायचा, पुढच्या हेडने क्षणभर उशिरा वाजवायचा आणि तोच पुन्हा आत सोडायचा.

आपल्याकडे मैफलीत साउंडवाला कोपऱ्यात बसतो आणि बुवांची बोलणी खातो. किंग्स्टनमध्ये त्याचंच नाव तबकडीवर झळकलं! ऑगस्टस पाब्लोबरोबरची 1976 ची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' आजही डबमधली मानाची तबकडी समजली जाते. पाब्लो मेलोडिका वाजवी, म्हणजे शाळकरी मुलांची फुंकून वाजवायची छोटी पेटी. 1989 मध्ये टबीचा त्याच्या घराबाहेर गोळ्या घालून खून झाला. त्याची पद्धत मात्र तोवर समुद्र ओलांडून गेली होती.

लंडनमध्ये मॅड प्रोफेसरने 1995 साली 'मॅसिव्ह अटॅक' या गटाचा अल्बम डब करून 'नो प्रोटेक्शन' काढला. बर्लिनमध्ये 1993 पासून 'बेसिक चॅनल' या जोडीने टेक्नोच्या ठेक्यावर एकच स्वरमेळ घेऊन तो प्रतिध्वनीत मिनिटंच्या मिनिटं फिरवत ठेवला. तिथल्याच स्टेफान बेट्केचं फिल्टरचं यंत्र बिघडून चरचरू लागलं. त्याने ते दुरुस्त न करता ती चरचरच संगीतात वापरली, आणि त्या यंत्राच्या नावावरून स्वतःला 'पोल' म्हणवून घेतलं. त्याचा पहिला अल्बम 1998 चा.

आज हे सारं घरच्या संगणकावर होतं. मुलाने हिशेब दाखवला: मिनिटाला 120 ठोके, तर एक ठोका 500 मिलिसेकंदांचा. प्रतिध्वनी पाऊण ठोक्याने, म्हणजे 375 मिलिसेकंदांनी आणला की तो ठेक्यावर आदळत नाही, मधल्या फटीत बसतो. परत आत सोडायचं प्रमाण जास्त झालं तर मात्र आवाज वाढतच जाऊन कानठळ्या बसतात. हात सतत बटणावर हवा.

ऐकायचंच असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बास सापडत नाही. चांगले हेडफोन घ्या. पहिल्यांदा फक्त बास ऐका. दुसऱ्यांदा काय काय निघून गेलं ते ऐका. गाणं कुठे आहे, असं मीही आधी विचारलं होतं. ते आपल्याच मनात चालू राहतं, हे दुसऱ्या खेपेला कळलं.

मी मुलाला विचारलं, "सगळंच बोलणं का नाही ठेवलंस?"

"सगळं फोनमध्ये आहेच की. पण बाबा, तुम्ही जिन्यात थांबलात ते या दोन शब्दांनी."

मला उत्तर सुचलं नाही. आई गेल्यापासून आमच्या घरातलं कन्नड हळूहळू बंद होत चाललंय. बाजारात, कॉलेजात बोलतो; घरात मात्र मराठीच. मुलाला कन्नड समजतं, पण बोलताना अडखळतो. एक ट्रॅक कधी खाली आला, आम्हाला कळलंच नाही.

"मूळ रेकॉर्डिंग पुसू नकोस हं," मी म्हणालो.

"मूळ टेप कुणी पुसतं का? ती असते म्हणूनच डब करता येतं."

त्या तीन मिनिटांची एक प्रत आता माझ्याही संगणकावर आहे. तुमच्या घरातही एखादी अज्जी दोन्ही भाषांत बोलत असेल. तिला बोलतं करा आणि आजच टिपून ठेवा.