आलोका अमेरिकेत पोहोचला, वस्तीतल्या कुत्र्यांचे काय?

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ इथल्या विहारातून भिक्खूंची शांती पदयात्रा निघाली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये वॉशिंग्टनला पोहोचली. या यात्रेत भिक्खूंइतकीच चर्चा झाली ती त्यांच्यासोबत चालणाऱ्या आलोकाची. आलोका मूळचा भारतातल्या रस्त्यावरचा कुत्रा. इथल्या पदयात्रेत तो भिक्खूंच्या मागोमाग चालू लागला आणि पुढे त्यांच्यासोबत थेट अमेरिकेला गेला. आपल्या तरुणांनी त्याचे व्हिडिओ भरभरून शेअर केले. आम्हीही केले.

त्यानंतर काही कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारले, आपल्या वस्तीतली कुत्रीही अशी परदेशात दत्तक देता येतील का?

देता येतात, पण वाट सोपी नाही. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, त्याला मायक्रोचिप हवी. भारतात रेबीजची लस दिली असेल तर सरकारी पशुवैद्यकाने प्रमाणित केलेले कागद लागतात. रक्ततपासणीचा मान्य अहवाल नसेल तर तिथे पोहोचल्यावर २८ दिवस विलगीकरण. ब्रिटनमध्ये लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासायचे आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबायचे. कॅनडाने तर २८ सप्टेंबर २०२२ पासून भारतासारख्या देशांतून विक्रीसाठी किंवा दत्तक देण्यासाठी कुत्री आणणेच बंद केले.

हा भारतद्वेष आहे का? नाही. कुत्र्यांमध्ये पसरणारा रेबीजचा प्रकार अमेरिकेने २००७ मध्ये संपवला. तरी २०१९ मध्ये इजिप्तहून आणि २०२१ मध्ये अझरबैजानहून दत्तक देण्यासाठी आणलेल्या कुत्र्यांपैकी प्रत्येकी एकाला तिथे पोहोचल्यावर रेबीज निघाला. आणणाऱ्यांच्या मनात दया होती, कागदपत्रेही होती. पण एका आजारी कुत्र्यामुळे त्याच्या संपर्कात आलेल्या कितीतरी माणसांना लस घ्यावी लागली. दयेला दक्षतेची जोड नसेल तर काय होते, ते यातून दिसते.

आम्हाला खरी टोचणी लावतो तो या नियमांतला एक शब्द : 'उच्च जोखमीचा देश'. त्या यादीत भारत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात आणि त्यांत १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे आहे. २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या.

मरते कोण? आम्ही काम करतो त्या एका वस्तीत सात वर्षांच्या मुलीला कुत्रा चावला. जवळच्या आरोग्य केंद्रात लस होती, पण खोल जखमेत द्यायचे सीरम नव्हते. आईचा रोज बुडाला, मोठ्या दवाखान्यापर्यंतचे रिक्षाभाडे शेजाऱ्यांनी दिले. मुलगी वाचली. चावलेला कुत्रा वस्तीनेच भाकरी घालून वाढवलेला होता. त्याला लस मात्र कुणीच टोचली नव्हती.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. पुढे तो बदलून नसबंदी आणि लसीकरण करून त्याच जागी सोडण्यास सांगितले, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळून. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके इथून कुत्री हटवण्याचा आदेश आला. यावर टीव्हीवर श्वानप्रेमी आणि श्वानविरोधक भांडत राहिले. पहाटे कचरा वेचणारी बाई, झाडू मारणारा सफाई कामगार, रात्रपाळीहून चालत येणारा तरुण यांना कुणी विचारले नाही. कचराकुंडी आमच्या दारात ठेवायची आणि कुत्र्यांचा दोषही आमच्या माथी मारायचा, ही जुनीच रीत.

बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. आम्हाला यातून एवढेच कळते की मैत्रीत निवड नसते. एक देखणा कुत्रा विमानात बसवून बाकीच्यांकडे पाठ फिरवली तर ती मैत्री नव्हे. चावलेल्या मुलीला विसरून कुत्र्याला कवटाळले तर तीही नव्हे. आलोकाला घर मिळाले याचा आनंद आहेच. पण तो अपवाद आहे, धोरण नव्हे.

धोरण कसे असते ते शेजारच्या गोव्याने दाखवले. तिथे राज्य सरकार आणि मिशन रेबीज यांनी जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली, मोबाईलवर नोंदी ठेवल्या, शाळांतून मुलांना शिकवले. उद्दिष्ट होते ७० टक्के कुत्र्यांना लस. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. परदेशी मदत इथेही होती. फरक एवढाच की ती कुत्री घेऊन गेली नाही, लस घेऊन आली.

मग आपण काय करायचे? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. आपल्या प्रभागात वर्षभरात किती कुत्र्यांना लस दिली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आरोग्य केंद्रात लस आणि सीरम दोन्ही आहे का, ते स्वतः जाऊन पाहा. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांना शिकवा : कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची, मिरची-चुना लावायचा नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा आणि सगळे डोस पूर्ण करायचे. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

आणि वस्तीतल्या ज्या कुत्र्याला आपण रोज भाकरी टाकतो, त्याला या महिन्यात लस टोचून घ्या. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.